लोकलच्या गर्दीतला नकोसा स्पर्श: किती सर्रास घडतो, का लपतो आणि तक्रार नेमकी कशी करायची

ठाण्याहून सकाळी मुंबईकडे किंवा नवी मुंबईकडच्या ट्रान्स हार्बर मार्गाने ऐरोली-घणसोलीकडे जाणाऱ्या बायकांना "लोकलमध्ये कधी लैंगिक छळ झाला का?" असं विचारलं, तर बऱ्याच जणी पटकन "नाही" म्हणतात. मग जरा वेगळं विचारून बघा. कधी कुणी मुद्दाम छातीला कोपर लावलं? जागा असूनही मागे चिकटून उभं राहिलं? पुलावरून जाता जाता हात लावून कुणी गर्दीत पसार झालं? आता उत्तरं बदलतात. एखादी सांगते, "हो, पण ते तर चालतंच." या प्रकाराचं मोजमाप कठीण का आहे, ते या "चालतंच"मध्ये आलं.

सर्वेक्षण करणारे जाणकार म्हणूनच मोठे शब्द टाळतात आणि एकेका कृतीबद्दल विचारतात. प्रश्न कसा विचारला यावर आकडा दुपटी-तिपटीने हलू शकतो. गेल्या वर्षभरातलं विचारलं की आयुष्यभरातलं, फक्त स्पर्शाबद्दल की टक लावून बघणं, शेरे मारणं, फोटो काढणं हेही धरून, सगळ्या वयाच्या बायकांना की रोज गर्दीच्या वेळी प्रवास करणाऱ्या तरुणींना, या प्रत्येक गोष्टीने फरक पडतो. परदेशातली दोन उदाहरणं बघा. टोकियोत पोलीस आणि रेल्वे कंपनीने मिळून केलेल्या पाहणीत विशी-तिशीतल्या सुमारे दोनतृतीयांश प्रवासी महिलांनी गाडीत नकोसा स्पर्श झाल्याचं सांगितलं होतं. लंडनच्या वाहतूक यंत्रणेच्या २०१३ च्या पाहणीत सुमारे १५ टक्के महिलांनी सार्वजनिक वाहनांत असं वर्तन अनुभवल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यातल्या जवळपास ९० टक्के जणींनी पोलिसांत तक्रार केली नव्हती. या दोन आकड्यांवरून टोकियो लंडनपेक्षा चौपट वाईट, असा निष्कर्ष काढणं चूक आहे. एकीकडे फक्त तरुणींचं उत्तर आहे, दुसरीकडे सरसकट. लंडनचा दुसरा आकडा मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. पोलिसांच्या वहीत जे दिसतं, त्याच्या बाहेर बहुतेक सगळं घडत असतं.

आपल्याकडे ही गळती कुठे कुठे होते ते बघा. गुन्हा नोंदवला जायचा तर आधी त्या मुलीला खात्री पटावी लागते की हात मुद्दाम लावला होता. मग तो कोणाचा, हे कळावं लागतं. मग कामावर उशीर होणार हे मान्य करून तिला मध्येच उतरावं लागतं आणि रेल्वे पोलिसांची चौकी शोधावी लागते. तिथे "तुमच्या तक्रारीत माणसाचं नावच नाही" असं म्हणून तिला परत न पाठवता जबाब घेणारं कोणीतरी भेटावं लागतं. घरी सांगितलं तर "उद्यापासून नोकरी सोड" असं ऐकावं लागेल ही भीती वेगळीच, आणि आमच्या मते ती सगळ्यात मोठी गळती आहे. म्हणून ठाणे, वाशी किंवा पनवेल रेल्वे पोलीस ठाण्याचा विनयभंगाचा वार्षिक आकडा "एवढंच घडलं" असा वाचू नका. एवढ्याच जणी शेवटच्या टेबलापर्यंत पोचल्या, असा वाचा. एखाद्या वर्षी तो वाढला तर घाबरून जायचं कारण नाही. लंडनमध्ये तक्रार करा म्हणून मोहीम चालवली, तेव्हाही तक्रारी वाढल्या होत्या, आणि तोच त्या मोहिमेचा हेतू होता.

गर्दीत हे का जमतं

मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीसाठी रेल्वेवाले "सुपर डेन्स क्रश लोड" असे शब्द वापरतात. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब-रुंद जागेत, १४ ते १६ माणसं उभी. इतक्या दाटीत चारही बाजूंनी अंग लागलेलं असतं, एकदा खाली राहिलेला हात वर घेता येत नाही, मान वळवली तरी खांद्याखालचं काही दिसत नाही. त्रास देणाऱ्याला यातून तीन गोष्टी फुकट मिळतात. त्याला "गर्दी आहे, मी काय करू" ही सबब मिळते, तिच्या मनात शंका राहते, आणि आजूबाजूच्यांना दिसत काहीच नाही.

तरीही याचा दोष गर्दीवर ढकलून मोकळं होता येत नाही. त्याच डब्यात, तेवढ्याच दाटीत शेकडो पुरुष दोन्ही हात वरच्या कडीला धरून किंवा बॅग छातीशी घेऊन नीट उभे असतात. शिवाय दुपारच्या आणि रात्रीच्या मोकळ्या गाड्यांतही छळ होतो, फक्त त्याची जात बदलते: समोर बसून टक लावणं, अश्लील चाळे करणं, उतरल्यावर पाठलाग करणं. गाड्या वाढवल्या की हे आपोआप संपेल, या भरवशावर बसू नये.

सगळ्यात जास्त त्रास गाडीत होतो असंही नाही. ठाणे स्टेशनवर मुख्य मार्गाच्या फलाटावरून ९ आणि १० नंबरकडे, म्हणजे ट्रान्स हार्बरकडे जाणारी माणसं आणि तिकडून येणारी माणसं एकाच पुलावर समोरासमोर येतात. समोरून येणारा माणूस एका क्षणात तुम्हाला ओलांडून पाठीमागे गेलेला असतो. हात लागला हे कळून वळेपर्यंत तिथे दहा पाठी दिसतात. पुलावर आणि जिन्यावर कठड्याच्या बाजूने चालावं, बॅग किंवा हाताची घडी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला ठेवावी, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो. कठड्याकडून कोणी येत नाही, म्हणजे निम्मी बाजू सुरक्षित राहते.

दुसरी जागा दाराची. गाडी थांबताना आत घुसणारे आणि उतरणारे एकमेकांवर आदळतात, ते पंधरा-वीस सेकंद सगळ्यात वाईट. त्या वेळी दोन्ही हात दांडा धरण्यात अडकलेले असतात आणि अंग सांभाळायला हातच उरत नाही. लेडीज डबा कुठे येतो ते आधी बघून ठेवलं तर धावपळीत जनरल डब्यात शिरायची वेळ कमी येते. १२ डब्यांची गाडी आणि १५ डब्यांची गाडी यांत ती जागा सरकते, म्हणून इंडिकेटरवर गाडी किती डब्यांची हे वाचून मग फलाटावर उभं राहावं. काही लेडीज डबे २४ तास राखीव असतात, काही ठरावीक वेळेपुरते. डब्यावरची पाटी वाचायची सवय ठेवा, कारण वेळ संपल्यावर त्या डब्यात पुरुष चढले तर त्यांना हटकता येत नाही.

लेडीज डबा आणि शेजारचा डबा यांच्यामधली जाळी ही तिसरी जागा. तिथून शेरे, इशारे, मोबाइलवर चित्रीकरण, कधी बोटं आत घालण्यापर्यंत मजल जाते. आणि चौथी जागा फलाटाच्या काठाची: सुटणाऱ्या गाडीच्या दारात लटकलेला माणूस फलाटावर उभ्या मुलीला हात मारून जातो. गाडी त्याला घेऊन निघून जाते, म्हणून हे पकडणं सगळ्यात अवघड. पिवळ्या पट्टीच्या मागे दोन पावलं उभं राहिलं की त्याचा हात पोचत नाही.

धक्का की मुद्दाम?

ही शंका बायकांना गप्प ठेवते, म्हणून ती सोडवायची रीत नीट समजून घेऊ. गर्दीचा दाब गाडीबरोबर हलतो. ब्रेक लागला की सगळे पुढे कलतात, गाडी सुटली की मागे. हा दाब खांद्याचा, पाठीचा, पिशवीचा असतो आणि हिसका संपला की सैल पडतो. मुद्दाम केलेला स्पर्श गाडीच्या हिसक्याशी जुळत नाही. गाडी एका वेगाने चाललेली असतानाही तो सुरू राहतो, एकाच जागी राहतो, आणि बहुतेकदा त्यात तळहात किंवा बोटं असतात. खात्री करायची असेल तर अर्धं पाऊल सरका किंवा अंग तिरकं करा. ज्याला चुकून लागलं होतं त्याला बरंच वाटेल, तो जागा घेऊन बाजूला होईल. स्पर्श तुमच्या मागोमाग सरकला तर शंकेला जागा उरत नाही.

यासाठी मिनिटभर सहन करत थांबायची गरज नाही. नकोसं वाटलं एवढं कारण पुरेसं आहे. चुकून लागलं असेल तर समोरचा "सॉरी" म्हणून हात काढेल. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

त्या क्षणी काय बोलायचं

लोकलमध्ये "अहो, नीट उभे राहा", "धक्का मारू नका" ही वाक्यं दिवसभर ऐकू येतात. चौथ्या सीटवरून, पिशवीवरून, दारात उभं राहण्यावरून भांडणं चालूच असतात. त्यामुळे असं काही बोललात तर डब्यातल्यांना ते नेहमीचं भांडण वाटतं आणि कोणी मान वर करत नाही. म्हणून कृतीचं नाव घ्या आणि माणूस दाखवा: "निळा शर्ट, काळी बॅग, हात काढ! अंगाला हात लावतोयस!" अरे-तुरे झालं तरी चालेल. कपड्यांचा रंग सांगितला की सगळ्यांची नजर एका माणसावर जाते, त्याची सबब संपते, आणि पुढे जबाबात लिहायला साक्षीदार तयार होतात.

बोलता आलंच नाही, तर त्यात तुमचा दोष नाही. अचानक झालेल्या हल्ल्यात शरीर ताठरणं, घशातून आवाज न फुटणं ही मेंदूची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे आणि ती निवडता येत नाही. गप्प राहिली म्हणजे तिची हरकत नव्हती, असा अर्थ कायद्यातही निघत नाही. अशा वेळी जमेल तेवढंच करा: बॅग मधे आणा, कोपर बाहेर काढा, शेजारच्या बाईचा दंड धरा, पुढच्या स्टेशनला उतरा.

साखळी ओढावी का? अंगावर हात पडला तर ते पुरेसं कारण आहे. रेल्वे कायद्यातली शिक्षा विनाकारण ओढणाऱ्यांसाठी आहे. पण ठाणे-ऐरोलीच्या मधे गाडी थांबली, तर मदत तिथे पोचायला वेळ लागेल आणि तो माणूस रुळांवर उडी मारून पळूही शकेल. जिवाला धोका नसेल तर गाडी पुढच्या स्टेशनात शिरू द्या आणि फलाटावर ओरडा, तिथे माणसं आणि कॅमेरे दोन्ही असतात. काही लेडीज डब्यांत गार्डशी बोलायचं टॉकबॅकचं बटण असतं, असेल तर ते दाबा.

आजूबाजूच्यांनी काय करावं, हे फारसं कोणी सांगत नाही. त्या माणसाला बदडून काढणं ही सगळ्यात निकामी मदत आहे. मारहाण झाली की तक्रार उलटी फिरते, मुलगी आणखी घाबरते, आणि घोळक्यात मार भलत्यालाच बसतो. त्यापेक्षा दोघांच्या मधे जाऊन उभे राहा. तिला विचारा, "ताई, इकडे येता का? जागा आहे." तो माणूस कुठल्या स्टेशनला उतरला ते बघा. आणि स्वतःचा मोबाइल नंबर तिला द्या. एक साक्षीदार मिळाला की प्रकरणाचं वजन एकदम वाढतं, आणि तो नंतर शोधून सापडत नाही.

तक्रार: काय टिपायचं, कुठे जायचं

उतरल्यावर दोन मिनिटांत मोबाइलमध्ये स्वतःलाच एक मेसेज लिहा. गाडी कुठून कुठे जाणारी, स्लो की फास्ट, इंडिकेटरवरची वेळ, किती डब्यांची, पुढून किंवा मागून कितवा डबा, प्रकार कोणत्या दोन स्टेशनांच्या मधे घडला, त्याचे कपडे, बॅग, चपला की बूट, अंदाजे वय, तो कुठे उतरला आणि कोणत्या पुलाकडे गेला. चपला-बूट लिहायला विसरू नका. शर्टावर जॅकेट चढवता येतं, पण वाटेत कोणी बूट बदलत नाही, आणि कॅमेऱ्याच्या चित्रणात माणूस जुळवताना त्याचा उपयोग होतो. तिकीट किंवा पास जपून ठेवा, त्या वेळी तुम्ही प्रवासात होता याचा तो पुरावा.

फोनसाठी नंबर तीन: रेल्वेची हेल्पलाइन १३९ (जुना १८२ आता यातच आला आहे), रेल्वे पोलिसांचा १५१२ आणि सर्वसाधारण आणीबाणीचा ११२. गाडीतूनच फोन केला तर पुढच्या स्टेशनावर पोलीस उभे करता येतात, म्हणून सगळ्यात आधी "पुढचं स्टेशन अमुक, डबा अमुक" एवढं सांगा, बाकी मागाहून.

स्टेशनावर दोन गणवेश दिसतात आणि लोकांचा इथे गोंधळ होतो. आरपीएफ हे केंद्राचं रेल्वे सुरक्षा दल. ते संशयिताला पकडू शकतात, मदत करू शकतात. पण विनयभंगाचा गुन्हा नोंदवतात आणि तपास करतात ते राज्याचे लोहमार्ग पोलीस, ज्यांना सगळे जीआरपी म्हणतात. तक्रार द्यायची ती यांच्याकडे. गुन्हा मुंब्र्याजवळ घडला आणि तुम्ही वाशीला उतरलात, तरी "ही आमची हद्द नाही" असं सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती पाठवली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती एफआयआर म्हणून नोंदली जात नाही.

अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. ती हजर नसेल तर तिला बोलावून घ्यायला सांगा. लिहिलेलं स्वतः वाचा, "गर्दीत धक्का लागला" असं गुळमुळीत वाक्य असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या: कोणत्या अवयवाला, हाताने की आणखी कशाने, किती वेळ, सरकल्यावरही चालू राहिला का. लाज वाटते म्हणून हेच तपशील गाळले जातात, आणि पुढे बचाव पक्ष नेमकं त्याच फटीत बोट घालतो. एफआयआरची प्रत मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे. "एनसी घेतो" म्हणाले तर थांबा. एनसी अदखलपात्र गुन्ह्यासाठी असते आणि तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. मुद्दाम केलेला नकोसा स्पर्श हा दखलपात्र गुन्हा आहे.

कलमं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम ७४ म्हणजे विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर, शिक्षा किमान एक, कमाल पाच वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. कलम ७५ लैंगिक छळाचं, त्यात नकोशा स्पर्शाला तीन वर्षांपर्यंत आणि अश्लील शेऱ्यांना एक वर्षापर्यंत शिक्षा. ७८ पाठलागाचं, ७९ शब्द, आवाज किंवा हावभावाने स्त्रीचा अपमान करण्याचं. स्पर्श झालेला असताना फक्त ७९ लावलं गेलं तर विचारा की ७४ का नाही. ७४ ची माहिती नोंदवायला नकार देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम १९९ खाली. लेडीज डब्यात शिरलेल्या पुरुषासाठी रेल्वे कायद्याचं कलम १६२ आहे, त्याचा दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतच, म्हणून छळाची तक्रार तेवढ्यावर मिटवू देऊ नका.

दोन-चार दिवस उशीर झाला तरी तक्रार घ्यावीच लागते. उशिराचं कारण जबाबात खरं ते लिहा: घाबरले होते, घरी सांगायचं धाडस होत नव्हतं. घाई एकाच गोष्टीची, कॅमेऱ्यांची. फलाटाचं चित्रण काही काळाने पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, म्हणून अमुक फलाट, अमुक पूल, अमुक ते अमुक वेळ एवढं चित्रण राखून ठेवावं अशी लेखी मागणी तक्रारीसोबतच द्या आणि पोच घ्या. नंतर चौकशीसाठी सारखं पोलीस ठाण्यात बोलावू लागले तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ दाखवा. महिला साक्षीदाराकडे तिच्या राहत्या घरी येऊन विचारपूस करायची, असं त्यात म्हटलेलं आहे.

मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि तो मुलग्यांनाही तेवढंच संरक्षण देतो. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला तीन ते पाच वर्षं शिक्षा आहे. कपड्यावरून हात लावला तर तो पोक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला, त्यामुळे गणवेशावरून, दप्तराआडून असं काही ऐकून घेऊ नका. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो आणि पोलिसांनी त्या वेळी गणवेश घालायचा नसतो. कॉलेजला एकट्याने जाऊ लागलेल्या अकरावी-बारावीच्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा, आणि १०९८ हा नंबरही.

प्रौढ पुरुषांच्या बाबतीत मात्र कायद्यात मोठी फट आहे. ७४ ते ७९ ही कलमं पीडित स्त्री असेल तरच लागतात, पुरुषाला साध्या बळप्रयोगाच्या किंवा दुखापतीच्या कलमांवर भागवावं लागतं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याचं कलम १८ आहे, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं.

नवी मुंबईत नोकरी करणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. रबाळे, घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनपासून कंपनीपर्यंत कंपनीचीच बस असेल, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार ती बस कामाची जागा धरली जाते. त्या बसमध्ये छळ झाला तर पोलिसांखेरीज कंपनीच्या अंतर्गत समितीकडेही लेखी तक्रार देता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीला सबळ कारण पटलं तर आणखी तीन महिने मुदत वाढते. समितीच्या सदस्यांची नावं कंपनीने दर्शनी भागात लावलेली असावी लागतात. नसतील, तर एचआरकडे ती ईमेलवर मागा आणि उत्तर जपून ठेवा.